ग्रुपवरचे जोडलेले हात

युनिकोड कन्सॉर्शियमने २०२१ मध्ये जगात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या इमोजींची यादी काढली. 😂 पहिला, ❤️ दुसरा, 🙏 सहावा. आमच्या बारामती-इंदापूर पट्ट्यातला कुठलाही गावचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडा, तिथं राज्य त्या सहाव्याचं.

निरा डाव्या कालव्याचं आवर्तन सुटलं, 🙏. बेलवाडीच्या रिंगणाचा व्हिडिओ, 🙏. नातवाचं बारसं, 🙏. कुणी वारलं तर एकाखाली एक हातांची रांग, आणि मधेच कुणीतरी चुकून टाकलेला वाढदिवसाचा केक.

हे चित्र जपानी मोबाइल कंपन्यांच्या चिन्हांतून आलं. तिकडं ते विनंतीलाही चालतं आणि आभारालाही. २०१० मध्ये युनिकोडमध्ये आलं आणि आपण त्याचा नमस्कार केला, मग श्रद्धांजली, मग 'पाहिलं' एवढंच. कारण उघड आहे. ग्रुपवर चुलते आहेत, सासरे आहेत, माजी सरपंच आहेत. हसरा चेहरा टाकला की कुणावर हसलास, हा प्रश्न येतो. थोरल्या माणसाला 👍 देणं उद्धटपणाचं वाटतं. 🙏 कुणालाच टोचत नाही, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. ज्या खुणेनं कुणाचं काहीच बिघडत नाही, तिच्यातून काही कळतही नाही.

२०२४ च्या लोकसभेला हे फार जाणवलं. नणंद-भावजय समोरासमोर, एकेका घरात दोन गट. घड्याळाला ⏰ तयार होता. 'तुतारी वाजवणारा माणूस' मात्र कीबोर्डवर नव्हता, म्हणून लोक 🎺 टाकायचे. ती खरं तर बँडवाल्यांची पिपाणी. चित्रातला हा फरक किरकोळ नव्हता. त्याच निवडणुकीत साताऱ्यात पिपाणी चिन्हाच्या अपक्षाला विजयी उमेदवाराच्या आघाडीपेक्षा जास्त मतं पडली. आमच्या ग्रुपवर ⏰ आणि 🎺 टाकणारे मोजकेच होते. बाकी सगळे दोन्हींखाली 🙏 टाकून मोकळे. भाऊबंदकी सांभाळायला ते शहाणपणाचंच होतं, हे मला मान्य आहे. (मीही तेच केलं.)

पण सवय लागते. पुढच्या हंगामात एकानं रात्री अकराला लिहिलं, 'शॉर्टसर्किटनं दोन एकर ऊस जळाला. तोडीला टोळी मिळंना.' जळिताचा ऊस रानात थांबला की रोज वजन घटतं. ते न कळणारा माणूस त्या ग्रुपवर एकही नाही. तरी सकाळपर्यंत खाली 🙏, 🙏, 🙏. माझाही एक, पुण्यातल्या फ्लॅटमधून, झोपायच्या आधी टाकलेला.

सातच्या सुमारास एका चुलत्यांचा मेसेज आला. ते कधी इमोजी वापरत नाहीत, त्यांना सापडतच नाहीत.

'कंच्या शिवारात हाय? माझी टोळी हिकडं वळिवतो. फोन उचल.'