ताप आणि वळण

‘स्मृतिचित्रे’चा विषय निघाला की लोक आधी लक्ष्मीबाई टिळकांच्या विनोदाबद्दल बोलतात. मग बोलीभाषेबद्दल, मग विक्षिप्त नवऱ्याबरोबर केलेल्या संसाराबद्दल. धर्मांतर हा त्या संसारातला एक मोठा अपघात म्हणून उरतो. माझं म्हणणं उलट आहे. पाप म्हणजे काय आणि त्यापासून वळायचं म्हणजे नेमकं काय करायचं, या प्रश्नावर मराठीत लिहिलेलं हे सर्वांत प्रामाणिक पुस्तक आहे. ते केवळ खुसखुशीत आत्मचरित्र म्हणून वाचलं, तर त्याचा कणाच काढून घेतल्यासारखं होतं.

आधी शब्द पाहू. मराठी बायबल ‘पश्चात्ताप करा’ म्हणतं. पश्चात् अधिक ताप, म्हणजे नंतर होणारी जळजळ. संतांचा ‘अनुताप’ही त्याच घरातला. पण या शब्दामागच्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मन बदलणं असा आहे आणि हिब्रू परंपरेतल्या शब्दाचा अर्थ चक्क मागे फिरणं. आपल्या शब्दात भावना आहे, पण पाऊल नाही. रडून झालं की काम संपलं, अशी सोय त्यात राहते. लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय मात्र रडत नाही, हिशोब करतो. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत.

मराठी ख्रिस्ती आत्मकथनाचा पहिला ठसा बाबा पदमनजींचा. 1854मध्ये बेळगावात त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या आत्मचरित्राचं नावच ‘अरुणोदय’. आधी अंधार, मग उजेड. शंका, वाचन, वाद आणि निर्णय अशी त्याची चढण आहे. पुस्तक मोलाचं आहे, पण या साच्यात एक अडचण आहे. सूर्य उगवल्यावर दिवसभर काय केलं, हे सांगण्याची गरज उरत नाही.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांच्या अभंगांतला ‘मी’ वारकरी अनुतापाची भाषा बोलतो, म्हणून तो मराठी वाचकाला परका वाटत नाही. पण तो ‘मी’ देवासमोर एकटा आहे. घरात त्याच वेळी काय चाललं होतं, हे कळायला लक्ष्मीबाईंकडेच यावं लागतं.

लक्ष्मीबाईंचं माहेर नाशिकजवळचं जलालपूर. वडिलांचं सोवळं इतकं कडक की मीठ-साखरही धुऊन घ्यायची. नवऱ्याने धर्म बदलल्यावर काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी सोवळं सोडलं नाही. मग जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांच्या मनात पडला. उत्तर सापडलं तेव्हा त्यांनी कुणाच्याही हातचं खायला-प्यायला सुरुवात केली. बाप्तिस्मा त्यानंतरचा, 1900मधला. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. पाप काय ते त्यांना आधी स्वतःच्या पाण्याच्या भांड्यात दिसलं. विधी नंतर आला.

मी घोटीत राहतो. जलालपूर इथून एका सकाळच्या फेरीचं अंतर. इगतपुरी तालुक्यात दारणा, मुकणे, भावली अशी धरणं आहेत. पाण्याला जात नसते हे इथे कुणीही सांगेल, आणि भांड्याला असते हेही बहुतेकांना ठाऊक आहे. त्यामुळे हे प्रकरण मला सव्वाशे वर्षांपूर्वीचं म्हणून वाचता येत नाही.

पुस्तकाचं खरं धाडस पुढे आहे. बाप्तिस्म्यानंतर टिळक संत होत नाहीत. त्यांचा राग राहतो, लहर राहते. दोन अंगरखे असतील तर एक नसणाऱ्याला द्या, हे ते अक्षरशः पाळतात आणि घरातलं उचलून देतात. पण रिकाम्या डब्याचं काय करायचं, हा प्रश्न बायकोपुढे पडतो. एकाच्या पुण्याचा खर्च दुसऱ्याच्या खात्यावर पडतो, हे लक्ष्मीबाई तक्रार न करता दाखवतात. त्यांचा विनोद हे त्या हिशोबाचं साधन आहे. त्यात नवऱ्याची थट्टा आहे, आणि त्याच्यावरचा विश्वासही आहे.

इथेच माझा एक आक्षेप आहे. हा विनोद कधीकधी दार लावून घेतो. जिथे संताप यायला हवा तिथे किस्सा येतो आणि वाचक हसून सुटतो. लक्ष्मीबाई स्वतः प्रार्थनेत काय बोलत होत्या, हेही फारसं हाती लागत नाही. टिळक 1917मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारायला निघाले. त्या निर्णयामागची तळमळ समजून घ्यायला मला टिळकांच्या कवितेकडेच परत जावं लागतं.

तरीही झुकतं माप ‘स्मृतिचित्रे’ला. आज ‘धर्मांतर’ म्हटलं की आकडे, आरोप आणि कायदे आठवतात. जणू माणूस एका रकान्यातून दुसऱ्यात गेला की गोष्ट पूर्ण झाली. 1934पासून भागाभागांनी आलेलं हे पुस्तक सांगतं की रकाना बदलणं सोपं असतं. रोजच्या स्वयंपाकघरात कुणाच्या हातचं खाल्लं, कुणाला आत घेतलं, रागाच्या दुसऱ्या दिवशी काय केलं, यावरून माणूस वळला की नाही ते ठरतं. ताप एका रात्रीत येतो आणि उतरतो. वळणाला मात्र लक्ष्मीबाईंचं उरलेलं सगळं आयुष्य लागलं.