दामाजीला पावती, कान्होपात्रेला काय?

दोघंही आजच्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याची. दोघंही विठ्ठलाची भक्त. दोघांवरही सत्ता बीदरच्या बादशहाची. महिपतीच्या १७६२ सालच्या ‘भक्तविजया’त या दोन्ही कथा आहेत, त्या एकापाठोपाठ वाचल्या की खटकतं.

दुष्काळात दामाजीपंत सरकारी कोठारं भुकेल्यांसाठी उघडतात. शिक्षा होणार, तोच विठ्ठल विठू महाराच्या रूपात दरबारात जातो, धान्याची किंमत भरतो. पावती दामाजींच्या पोथीत सापडते. कान्होपात्रेच्या सौंदर्याची कीर्ती ऐकून बादशहा तिला बोलावणं धाडतो. ती पंढरपुरात विठ्ठलाच्या पायाशी प्राण सोडते.

चमत्काराच्या आनंदात एक गोष्ट सुटून जाते. लोक उपाशी असताना कोठारावर बादशहाचा हक्क कसा, हे देवही विचारत नाही. तो बाकी चुकती करतो. दामाजी वाचतात, कायदा तसाच राहतो.

कान्होपात्रेच्या कथेत तर भरण्यासारखी बाकीच नाही. बादशहाला पैसा नको, ती हवी आहे. ‘नाही’ म्हणायला तिच्याकडे फक्त जीव उरतो. परंपरा याला मुक्ती म्हणते. तिच्या भक्तीबद्दल शंका नाही. पण आपण त्याला न्याय समजून पुढचं पान उलटू नये.