पांढऱ्या कपड्यांचा भरवसा

सासूबाई होत्या तेव्हाची गोष्ट. पांढुर्ण्याच्या घरी एका दुपारी टीव्हीवर 'सी.आय.डी.' लागला होता. सासूबाई सुपात तांदूळ घेऊन निवडत बसल्या होत्या. पडद्यावर वहिदा रेहमान आली आणि त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, "हे बाई काही चांगली नाही वं." अजून ती धड बोललीही नव्हती! कपडे आणि नजर पाहूनच निकाल लागला होता.

निकाल तसा चूक नव्हता. तो आपण लावावा म्हणूनच कपडे बेतलेले असतात. १९५६ च्या या चित्रपटाचे कपडे भानू अथैया यांचे. कोल्हापूरची ही मुलगी, जे. जे. मध्ये चित्रकला शिकलेली. वेशभूषाकार म्हणून हाच तिचा पहिला चित्रपट. पुढे 'गांधी'साठी ऑस्कर मिळाले आणि ते मिळवणारी ती पहिली भारतीय ठरली. कृष्णधवल चित्रपटात रंग नसतो. म्हणून कापडाची चमक, पातळपणा, अंगावरचा बसाव यांनीच बोलायचे असते. शकीला पोलीस अधिकाऱ्याची लेक रेखा, ती घरंदाज दिसते. वहिदा खलनायकाच्या हाताखालची कामिनी, ती तशी दिसत नाही.

ही रीत आली अमेरिकेतून. १९४० च्या दशकात तिकडे रात्र, सावल्या, खून आणि फसवणूक यांचे चित्रपट निघाले. त्यांना फिल्म न्वार म्हणतात. 'डबल इन्डेम्निटी'त (१९४४) बार्बरा स्टॅनविकच्या पायातली साखळी बघूनच विमा एजंट घसरतो. 'गिल्डा'तला (१९४६) रिटा हेवर्थचा काळा सॅटिनचा झगा तर आजही लोकांच्या लक्षात आहे.

पण मला चकित केले ते त्याच वर्षीच्या 'द पोस्टमन ऑल्वेज रिंग्ज ट्वाइस'ने. त्यात लाना टर्नर जवळजवळ सगळा चित्रपटभर पांढऱ्या कपड्यांत वावरते, आणि प्रियकराला हाताशी धरून नवऱ्याचा खून करते. आपल्या डोळ्यांपुढे पांढरे म्हटले की आर्यिका माताजी येतात, अंगावर पांढरी साडी, हातात पिंछी. आपल्याकडे पांढरा म्हणजे सोडून दिल्याचा रंग. तिथे तोच रंग हाव झाकतो. मी तो चित्रपट पाहून उठले तेव्हा मनात आले, कपडे स्वभाव सांगतात हे खरे, पण ते खोटेही बोलतात.

आपल्या मुंबईच्या चित्रपटांत हे खोटे बोलणे कुणाच्या वाट्याला आले ते पाहा. गुरुदत्तच्या 'बाजी'त (१९५१) क्लबमध्ये नाचणारी गीता बाली नायकासाठी जीव गमावते. अंधारात बसून हुकूम सोडणारा गुन्हेगार शेवटी निघतो डॉक्टर नायिकेचा प्रतिष्ठित बाप. 'सी.आय.डी.'तही गुन्ह्यामागे शहरातला बडा, इभ्रतदार माणूसच आहे. म्हणजे बाईचे कपडे तिच्याविरुद्ध साक्ष देतात आणि पुरुषाचा सूट त्याची वकिली करतो. कामिनी ज्या गाण्यात सर्वांत 'तसली' दिसते, त्याच गाण्यात ती खलनायकाला गुंतवून ठेवते, नायकाला निसटता यावे म्हणून.

आणखी एक. त्या गाण्यासाठीचा ब्लाउज फार पातळ आहे म्हणून वहिदाने हरकत घेतली होती. न आवडलेले कपडे घालणार नाही, ही अट तिने करारातच घालून घेतली होती. हा तिचा पहिलाच हिंदी चित्रपट आणि वय अठराच्या आसपास. पडद्यावरच्या कामिनीला आपले कपडे निवडता आले नाहीत, पण ती भूमिका करणारी मुलगी "नाही" म्हणू शकली. मला त्या पोरीचे मोठे कौतुक वाटते.

चित्रपटावर माझा राग एकाच गोष्टीचा. कामिनीचा चांगुलपणा त्याला दिसतो, पण तो कामी येत नाही. शेवटी नायक रेखाचाच. प्रेक्षकाचा पूर्वग्रह जरा हलवायचा आणि मग जागच्या जागी ठेवून द्यायचा, एवढेच धाडस.

चित्रपट संपला तेव्हा तांदूळ तसेच पडले होते. सासूबाई म्हणाल्या, "मंग त्याले तं तिनंच वाचवलं न वं."

परवा सौसरला माहेरी गेले होते. भाच्याची नवी बायको मंदिरातून दर्शन घेऊन आली, जीन्स आणि कुर्ता घालून. ओसरीवर बसलेल्या आम्ही चौघी एकमेकींकडे पाहू लागलो. माझ्याही तोंडात शब्द आला होता. तेवढ्यात सासूबाईंचा तो थांबलेला हात आठवला. मी सरकून जागा केली आणि म्हटले, "ये बाई, बस. कोणतं स्तोत्र म्हणत होतीस?"

तिने सांगितले. मला ते पाठ नव्हते.