बांधलेली वाट आणि मोकळे मन



आषाढीची वारी करून परतलेल्या माणसाला दरवर्षी एक प्रश्न पडतो. तो कीर्तनात सहसा कोणी विचारत नाही, म्हणून येथे विचारतो. वाटेवरच्या अठरा-वीस दिवसांत जो माणूस हाक न मारता पहाटे उठतो, पुढे येईल ते खातो, राहुटीत जागा कमी पडली तर अंग चोरून निजतो, तोच घरी आल्यावर पंधरवड्याच्या आत पूर्वीसारखा कसा होतो? माळ तीच, देव तोच, देहही तोच. मग वाटेवर जे बळ दिसले ते कोणाचे होते?

या प्रश्नाच्या निमित्ताने विनोबाजींच्या ‘गीता-प्रवचनां’तले सतरावे प्रवचन पुन्हा वाचले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारीपासून दर रविवारी एक अशी ही अठरा प्रवचने झाली आणि सानेगुरुजींनी ती उतरून घेतली, हे आपणांस ठाऊकच आहे. सतरावे १२ जूनचे. वागणे नीट बांधलेले असले की मन मोकळे राहते, हा त्याचा आरंभीचा सिद्धांत. तो कोणापुढे मांडला जात होता, हे वाचताना विसरू नये. श्रोते कैदी होते. त्यांचे उठणे, जेवणे, कोंडले जाणे सारे दुसऱ्याच्या घंटेवर. स्वातंत्र्य मागितले म्हणून ते आत आले होते आणि वक्ता त्यांना सांगत होता की मोकळेपणासाठी स्वतःला बांधून घ्या. हे ऐकून कोणी उठून गेले नाही, याचे कारण बोलणाराही त्याच भिंतींच्या आत होता. हेच शब्द जेलरच्या तोंडी आले असते तर ती क्रूर थट्टा ठरली असती.

विनोबाजी तेथे दोन दाखले देतात. पहिला फिरायला जाण्याचा. रोजची वाट ठरलेली असली की पाय आपोआप चालतात आणि मन विचाराला मोकळे राहते. रोज नवी वाट काढायची म्हटली की सगळे लक्ष वाटेतच गुंतते. दुसरा दाखला नदीचा. नदी स्वैर वाहताना दिसते, पण तिला काठ आहेत. काठ नसते तर पाणी चहूकडे पसरून जिरले असते.

पहिला दाखला वारकऱ्याला समजावून द्यावा लागत नाही, कारण आपण तो पायांनी वाचलेला आहे. दिंडीत चालणाऱ्याला दिवसभरात काही म्हणजे काही ठरवावे लागत नाही. रथापुढे कितवी दिंडी, रथामागे कितवी, विसावा कुठे, मुक्काम कुठे, सारे आधीच ठरलेले. समाजआरतीच्या वेळी चोपदारांनी दंड उंचावला की हजारो टाळ एका क्षणात थांबतात, तेथे शिपाई लागत नाही. ही घडी बसवणारे हैबतबाबा आरफळकर शिंद्यांच्या पदरी सरदारी केलेले होते. फौजेची शिस्त त्यांनी आणली आणि तिच्यातली तलवार काढून तेथे वीणा ठेवली, असे मला वाटते. म्हणजे माझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच मिळाले. वाटेवरचे बळ माझे नव्हतेच, ते वाटेचे होते. घरी आल्यावर वाट संपली आणि मी पुन्हा चौकात उभा राहिलो.

दुसऱ्या दाखल्यापाशी मात्र मी अडखळतो. काठ तर कालव्यालाही असतात. नदीचे काठ तिच्या वाहण्यातून झालेले, कालव्याचे दुसऱ्याने आखलेले. वरून दोन्ही बांधलेलीच दिसतात. माझी आई चाळीस वर्षे पहाटे चार वाजता उठली. आम्ही मुले मोठ्या अभिमानाने सांगायचो, आईची शिस्त पाहा. एकदा ती सहज बोलून गेली, ‘‘अरे, मला कोणी विचारलं होतं का?’’ आपल्या घरांत किती जणींचा संयम असा कालव्याचा आहे! जनाबाईंच्या जात्याचे कौतुक आपण फार करतो. दळता दळता त्यांना विठ्ठल भेटला, हे त्यांच्या प्रेमाचे सामर्थ्य. त्याचे श्रेय दासीपणाला देऊ लागलो तर आपण जेलरच्या ओळीत जाऊन बसतो. विनोबाजींना अर्थातच असे म्हणायचे नव्हते. पण स्वतः घेतलेले बंधन आणि लादलेले बंधन यांतली रेघ त्या पानावर ठळक नाही, आणि त्या जागी त्या श्रोत्यांपुढे ती ठळक करण्याची गरजही नसेल. आपल्याला आज ती आहे.

माझा खरा आक्षेप याहून लहान आणि घरगुती आहे. रुळलेल्या वाटेने मन मोकळे राहते, मान्य. पण वाट रुळेपर्यंतचे दिवस कसे काढायचे? विनोबाजी ही जागा भरभर ओलांडतात. लहानपणीच ब्रह्मचर्याचा निश्चय करून तो आयुष्यभर पाळणाऱ्या पुरुषाला ही जागा लांब वाटलीही नसेल. आमची गोष्ट वेगळी.

आता लपवण्यात अर्थ नाही. गळ्यात माळ आणि खिशात तंबाखूची चंची, असा मी चोवीस वर्षे वारकरी होतो. मांस नाही, मद्य नाही, एकादशी चुकली नाही, आणि भजन संपले की दिंडीतल्या चार जणांत चुन्याची डबी फिरायची. एका कार्तिकी एकादशीला चंद्रभागेत उभा राहिलो, निश्चय केला आणि डबी पाण्यात फेकली. तिसऱ्या दिवशी परतताना एसटी स्टँडावरच्या टपरीवर नवी घेतली. पुढच्या वर्षी शपथ घेतली, ती आठ दिवस टिकली. त्या आठ दिवसांत मी जितका तंबाखूचा विचार केला तितका एरवी वर्षभरात करत नसे. मीच कैदी आणि मीच पहारेकरी. पहारेकऱ्यालाही तुरुंगाबाहेर जाता येत नाही, हे तेव्हा कळले. नुसत्या निश्चयाच्या बळावर जो जगतो त्याची निम्मी शक्ती पहाऱ्यातच खर्च होते.

या ठिकाणी मला विनोबाजींकडून माउलींकडे जावे लागले. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात अर्जुन तक्रार करतो की हे मन आवरत नाही. भगवंतांचे उत्तर गीतेत दोन शब्दांचे आहे, अभ्यास आणि वैराग्य. माउली त्यात स्वतःचे निरीक्षण घालतात. ते म्हणतात, या मनात एक गोष्ट चांगली आहे. जिथे गोडी लागते तिथे ते सोकावते. त्याला आत्मसुखाची गोडी दाखवत जा. व्यसनाची म्हणून आपण जी खोड मोजतो, तीच माउली मनाच्या जमेला धरतात. चुन्याच्या डबीकडे हात नेणारी सवय आणि टाळाकडे हात नेणारी सवय एकाच मातीची आहे. इतका धीर मला दुसऱ्या कोणत्याही वाक्याने दिला नाही.

बाराव्या अध्यायात तर ते मागणे आणखी कमी करतात. सारे चित्त देता येत नाही ना, मग आठ प्रहरांतला एक निमिष दे. तेवढ्या निमिषापुरती विषयांची चव कमी होईल. मग शरद ऋतू लागल्यावर नदी जशी ओसरत जाते, पौर्णिमेनंतर चंद्र जसा रोज थोडा उणा होत जातो, तसे चित्त भोगांतून हळूहळू निघेल. येथेही नदीच आहे पाहा. विनोबाजींची नदी काठांत बांधलेली, माउलींची ओसरणारी. एकीला मर्यादा पाहिजे, दुसरीला वेळ पाहिजे. दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचले तर पहिल्या नदीतली उणीव दुसरी भरून काढते. नुसते काठ बांधले आणि पूर ओसरू दिला नाही, तर काठ फुटतात. माझे दोनदा फुटले.

मग मी शपथ सोडून दिली आणि एवढेच ठरवले की जेवणानंतर हरिपाठाचे पाच अभंग म्हटल्याशिवाय चंची उघडायची नाही. उघडायला मनाई नव्हती. पहिले काही महिने अभंग धावत म्हणायचो, शेवटचे चरण तर घशातच राहायचे. पुढे कधीतरी पाचांचे नऊ झाले. कधीतरी चंची उघडायची राहून गेली. कोणत्या दिवशी, ते सांगता येत नाही. नदी कोणत्या दिवशी ओसरली हे काठावरच्या माणसाला तरी कुठे सांगता येते?

हे लिहून झाल्यावर विनोबाजींवर अन्याय होऊ नये म्हणून मागे जाऊन चौदावे प्रवचन वाचले, आणि आक्षेप थोडा मागे घ्यावा लागला. आळसाला तेथे शरीरश्रमाचा उपाय आहे, धावपळीला स्वधर्माच्या मर्यादेचा. त्यापुढे सत्त्वगुणाचे प्रकरण येते आणि ते मला सगळ्यांत झोंबले. चांगल्या सवयीचाही अहंकार होतो, आणि तो जायला हवा असेल तर ती सवय श्वासासारखी सहज झाली पाहिजे. आपण श्वास घेतो याची कोणी बढाई मारत नाही. ‘‘आमची तिसावी वारी’’ असे सांगताना आपला आवाज किंचित चढतो की नाही, हे माउली, आपण आपल्यापुरते तपासून पाहावे. माझा चढतो. तंबाखू सुटल्याची हकीकत सांगतानाही चढतो, आत्ताही चढला असेल. इतके सगळे उपाय सांगून झाल्यावर विनोबाजी शेवटी आत्मज्ञान आणि भक्ती यांच्या आश्रयाला जायला सांगतात. म्हणजे जी जागा त्यांनी सतराव्यात भरभर ओलांडली असे मी म्हणालो, तिच्यासाठीचा हात चौदाव्यात आधीच पुढे केलेला होता. तो दिसायला मला दोन फुटलेल्या शपथा लागल्या.

पुस्तक पवनारच्या परंधाम प्रकाशनाचे आहे आणि बहुतेक वाचनालयांत मिळते. सतरावे प्रवचन वाचायला घ्याल तेव्हा शेजारी बारावा अध्याय उघडा ठेवावा. शक्यतो दुपारच्या जेवणानंतर वाचावे. सहा वर्षे झाली, तरी त्याच वेळी माझा उजवा हात अजून खिशाकडे जातो. खिशात आता टाळाची तुटलेली दोरी असते, ती बोटांना लागते.