'अर्धसत्य' आणि शिपायाची कैफियत

गोविंद निहलानी यांचा १९८३ सालचा 'अर्धसत्य' हा हिंदी बोलपट आम्हीं नुकताच पुन्हा पाहिला. श्री. दा. पानवलकर यांच्या 'सूर्य' ह्या मराठी कथेवरून विजय तेंडुलकर यांनीं त्याची पटकथा रचली. ओम पुरी यांनीं उभा केलेला फौजदार अनंत वेलणकर ज्यानें एकदां पाहिला, तो त्यास विसरणार नाहीं. स्तुति पुष्कळ झाली आहे. आम्ही एका उणिवेविषयींच लिहिणार आहों.

बोलपट पडद्यावर येण्याच्या आदल्याच वर्षीं मुंबईच्या पोलीस शिपायांनीं स्वातंत्र्यदिनीं काळ्या फिती लावून आपला असंतोष प्रकट केला होता. सरकारनें त्यांच्या संघटनेची मान्यता काढून घेतली, पुढाऱ्यांस पकडलें. आणि १८ ऑगस्ट १९८२ रोजीं शिपायांनीं काम टाकलें, शहरांत दंगल उसळली, सैन्य बोलवावें लागलें. गिरण्यांचा संप जानेवारीपासून चालूच होता. ज्यांनीं कामगारांवर लाठी उगारावयाची, तेच आपलें गाऱ्हाणें घेऊन रस्त्यावर आले, आणि गिरणी-कामगार त्यांस येऊन मिळाले. नाटककारास याहून मोठा प्रसंग कोणता हवा? पण 'अर्धसत्या'च्या कथानकांत त्यास जागा नाहीं.

मूळ कथा संपापूर्वींची आहे, तेव्हां ही अपेक्षाच अन्यायाची, असें कोणी म्हणेल. तें आम्हांस अर्धेंच मान्य आहे. अनंताचें दुःख शिकलेल्या माणसाचें आहे. त्यास पुढें शिकावयाचें होतें, बापानें खात्यांत ढकललें. त्याची मैत्रीण कॉलेजांत शिकविते (म्हणजे आमच्याच धंद्यांतली). म्हणूनच आम्हां मध्यमवर्गीयांस तो चटकन् आपला वाटतो. शिपायाचें गाऱ्हाणें मात्र पगाराचें, कामाच्या तासांचें, राहत्या खोलीचें आणि साहेबाच्या घरीं राबण्याचें; त्यांत काव्य नाहीं.

परंतु अनंताच्या हातून हिंसा कां घडते, याचें उत्तर ह्याच रुक्ष बाजूस सांपडतें, असें आमचें मत आहे. तो सर्वस्वीं एकटा आहे. दाद मागावी असें एकही ठिकाण त्यास नाहीं. १९६६ च्या कायद्यानें आपल्याकडे पोलिसांस परवानगीवांचून कामगार-संघांत जातां येत नाहीं. इंग्लंडांतही १९१९ च्या कायद्यानें पोलिसांचा संघ बंद झाला, व त्या वर्षीं संपावर गेलेल्यांस कायमचें घरीं बसावें लागलें. पण त्याच कायद्यानें पोलीस फेडरेशन स्थापन झालें आणि डेस्बरो समितीच्या शिफारशीनें पगार वाढले. बंदीबरोबर एक दार उघडें राहिलें. ज्याच्या हातीं शस्त्र त्यानें संप करावा काय, याविषयीं आम्ही स्वतः साशंक आहों. १९८२ ची दंगल विसरण्याजोगी नव्हे. दार ठेवावें कीं नाहीं, याविषयीं मात्र आम्हांस शंका नाहीं.

'अर्धसत्यां'त तें दार नाहीं, म्हणून तेथें वशिला येतो. निलंबनाचें संकट येतांच अनंताचा हितचिंतक वरिष्ठ त्यास दिल्लीपर्यंत हात पोंचलेल्या मध्यस्थाकडे नेतो. पुढें कोठडींत त्याच्या मारानें एक इसम मरतो, तेव्हां ज्यास पकडण्यासाठीं तो जन्मभर तळमळला, त्याच रामा शेट्टीच्या घरीं तो मदत मागावयास जातो.