माती मिळाली का?

दिघीच्या धक्क्यावर उभे राहिले की खाडीच्या मुखाशी जंजिऱ्याचा कोट दिसतो आणि आगरदांड्याहून गाड्या घेऊन निघालेली बोट संथपणे पाणी कापीत येते. बाहेरच्या जगाला मात्र हे गाव ठाऊक आहे ते निराळ्याच कारणाने. जानेवारी १९९३ मध्ये या धक्क्यावर चोरून आणलेल्या शस्त्रांचा साठा उतरला, पुढच्याच महिन्यात जवळच्या शेखाडीला स्फोटके उतरली आणि १२ मार्च रोजी मुंबईत २५७ माणसे प्राणास मुकली. त्या घटनेवरचा चित्रपट वा वृत्तपट लागला की ‘आता दिघी येईल’ म्हणून मंडळी सावरून बसतात. काळोखी रात्र, होड्या, पेट्या, दबक्या आवाजातील बोलणे! श्वास रोखून पाहावे असेच ते दृश्य असते. ती २५७ माणसे मात्र आम्ही पाहिलेल्या चित्रणांत बहुतेक वेळा एका आकड्यापुरतीच येतात. आकडा झळकतो, नाहीसा होतो, आणि दिघी दिसली या समाधानात आपण जेवायला उठतो.

वाचकहो, खऱ्या गुन्ह्यांवर आधारलेल्या कार्यक्रमांविषयी आज लिहावयाचे आहे. पण त्या कार्यक्रमांइतकेच ते पाहणाऱ्या आपल्याविषयीही. खुनाच्या कथेत ज्याचा जीव गेला त्याला पडद्यावर कोणती जागा मिळते आणि आपण त्याच्यासाठी मनात किती जागा ठेवतो, असा हा प्रश्न आहे.

तो आमच्यापुढे उभा राहिला जानेवारी २०२३ मध्ये. तीन राजांच्या सणाच्या सुमारास आम्ही घरे आशीर्वादण्यासाठी हिंडत होतो. सोनी वाहिनीवरील ‘क्राइम पेट्रोल’ या मालिकेच्या एका भागावरून त्याच दिवसांत देशभर गदारोळ उठला होता. डिसेंबरअखेर दाखविलेल्या त्या भागात एक तरुण आपल्या जोडीदारीणीचा खून करून देहाचे तुकडे करतो. प्रेक्षकांना त्यात वसईच्या श्रद्धा वालकर हिच्या हत्येचे प्रतिबिंब दिसले. पण मालिकेतील मुलीचे नाव ॲना फर्नांडिस होते आणि मारेकऱ्याचे मिहिर. खुन्याला हिंदू नाव का दिले, या संतापाने वाहिनीवर बहिष्कार घालण्याची हाक दिली गेली. कथा काल्पनिक असून २०११ च्या सुमाराच्या काही घटनांवर बेतलेली आहे, ताज्या प्रकरणाशी तिचा संबंध नाही, असा खुलासा वाहिनीने केला आणि प्रेक्षकांच्या भावनांचा मान राखून तो भाग मागे घेतला.

आम्ही ज्या घरी बसलो होतो तेथेही हाच विषय निघाला. फक्त त्याची दुसरी बाजू. घरातील तरुण मुलगा चिडून म्हणाला, “फादर, मेलेली पोरगी आपल्यातलीच कशाला दाखवली? आपलं नाव बरं सापडतं यांना!” प्रामाणिकपणे सांगतो, आमच्याही मनात पहिला विचार तोच आला होता. फर्नांडिस हे आडनाव ऐकताच आमचे कान टवकारले होते. एवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून त्या घरातील वृद्ध मावशींनी विचारले, “नावाचं काय ते तुम्ही बघा. त्या पोरीला माती मिळाली का?”

आम्हांला उत्तर देता आले नाही. इतके दिवस आम्ही त्या प्रकरणाविषयी वाचत होतो, बोलत होतो. पण हा प्रश्न आम्हांला सुचलाच नव्हता.

दोन्ही बाजूंचा राग एकाच जातीचा होता, हे आम्हांला त्या दाराशी उमगले. मारणारा कोणाचा आणि मेलेली कोणाची, यावर सारे हिरिरीने बोलत होते. ती कोण होती, हे कोणी विचारीत नव्हते. वाहिनीने एका मुलीचे मरण घेऊन त्यावर दुसरे नाव चिकटविले असे मानले, तर प्रेक्षकांनी त्याच मरणावर आपापल्या समाजाची पाटी लावली. अशा प्रतिक्रियेला आम्ही संवेदनशीलता कशी म्हणावी?

श्रद्धा वालकर ही वसईची. वसई म्हणजे आपल्या वाचकांपैकी कित्येकांचे माहेर. १८ मे २०२२ रोजी दिल्लीच्या मेहरौली भागात, ज्याच्यासह ती राहत होती त्याने तिची हत्या केली, असा आरोप आहे. आरोपीचे नाव आम्ही येथे लिहीत नाही. ते सर्वांना पाठ आहे, आणि तक्रार तीच आहे. मुलीशी संपर्क होईना, म्हणून तिच्या मित्राने घरच्यांना सावध केले. वडिलांनी माणिकपूर पोलिसांकडे धाव घेतली. नोव्हेंबरमध्ये अटक झाली. त्यानंतर कित्येक आठवडे दूरचित्रवाणीवर चर्चा चालली ती शीतकपाटाची आणि तुकड्यांच्या संख्येची.

आणि तरीही या प्रकरणात मृत मुलीचा स्वतःचा आवाज उपलब्ध होता. २३ नोव्हेंबर २०२० रोजी तिने नालासोपाऱ्याच्या तुळिंज पोलिसांना लेखी तक्रार दिली होती. तो आपल्याला मारहाण करतो, जिवे मारून तुकडे करण्याची धमकी देतो, असे तिने दीड वर्ष आधी कागदावर उतरवले होते. पुढे तिने ती तक्रार लेखी मागे घेतली. ती मागे का घेतली गेली? मधल्या काळात तिच्या बाजूला कोण होते? कथाकाराच्या दृष्टीनेही शीतकपाटाहून हे पत्र कितीतरी मोलाचे आहे, कारण त्यात ती जिवंत आहे, बोलते आहे, मदत मागते आहे. खुनाची पद्धत समजून आपल्या हाती काही लागत नाही. त्या पत्राची गोष्ट नीट सांगितली, तर एखाद्या घरातील आई आपल्या मुलीकडे निराळ्या नजरेने पाहील.

त्याऐवजी प्रेक्षकांतून उमटला तो उपदेश. आईबापांचे ऐकले असते तर ही वेळ आली नसती, असे घरोघर म्हटले गेले. एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनीही शिकलेल्या मुलींनी लग्नावाचून असे राहू नये, अशा अर्थाचे विधान करून दोषाचा रोख मुलींकडे वळवला. त्या आठवड्यातील प्रवचनात आमच्याही ओठांवर तसलेच काही आले होते. विवाहाविषयीची आपली शिकवण आम्ही सोडलेली नाही. पण मेलेल्या मुलीच्या उशाशी उभे राहून ती सांगण्याची ती वेळ नव्हे. जी उत्तर देऊ शकत नाही तिच्याशी वाद घालणे सोपे असते.

दुसरे उदाहरण आपल्या रायगडातलेच. मे २०१२ मध्ये पेण तालुक्यात गागोद्याच्या परिसरातील जंगलात एक जळालेला देह सापडला. कोणाचा, हे तीन वर्षे जगाला कळले नाही. २०१५ मध्ये तो शीना बोरा हिचा असल्याचे पुढे आले आणि तिच्या आईलाच अटक झाली. आईने आरोप नाकारले आहेत. दोष ठरविणे न्यायालयाचे काम. फेब्रुवारी २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर या प्रकरणाची माहितीपटमालिका आली. ती रोखावी अशी केंद्रीय अन्वेषण विभागाची मागणी होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती आधी पाहिली, खटल्यास बाधक असे तीत काही नाही असे ठरवले, आणि २९ फेब्रुवारीस ती प्रदर्शित झाली. कायद्याच्या दृष्टीने विषय तेथे मिटला. समीक्षेचा मात्र तेथून सुरू होतो.

मालिकेचे नावच पाहा: ‘द इंद्राणी मुखर्जी स्टोरी: बरीड ट्रुथ’. कथा कोणाची, हे शीर्षकानेच ठरवून टाकले. ज्यांनी ज्यांनी ती पाहिली, त्यांच्याशी बोलताना आम्हांला एकच चर्चा ऐकू आली. ती बाई खरे बोलते की खोटे? तिची वेशभूषा, तिचे हसणे, तिचा धीटपणा! गुवाहाटीत आजी-आजोबांकडे वाढलेली, मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकलेली, मेट्रो कंपनीत नोकरीला लागलेली, आणि जगापुढे आईची धाकटी बहीण म्हणून वावरावे लागलेली ती चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी बोलण्यात क्वचितच येई. जिवंत माणूस कॅमेऱ्यासमोर बसू शकतो, मृत बसू शकत नाही, ही या प्रकारची मूळची अडचण आहे. ती ओळखून मृताची बाजू राखणे, हेच दिग्दर्शकाचे खरे कौशल्य.

पवित्र शास्त्रातील पहिल्या खुनाची कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात काईन बोलतो, हुज्जत घालतो, रडगाणे गातो. हाबेलच्या तोंडी मात्र एकही शब्द नाही. तेथेही मारणाराच जास्त जागा व्यापतो. पण लेखकाने दोन गोष्टी केल्या आहेत. कोणत्या शस्त्राने आणि कसे मारले, हे त्याने सांगितले नाही. आणि जो जिवंतपणी बोलला नाही त्याचे रक्त जमिनीतून देवाकडे हाक मारते, असे लिहून अखेर मृताला आवाज दिला. तपशील गाळून हाक राखणे ही कसोटी आजच्या कार्यक्रमांनाही लावता येईल.

सगळेच कार्यक्रम टाकाऊ आहेत, असे आमचे म्हणणे नाही. ‘क्राइम पेट्रोल’सारख्या मालिकेने अनेक घरांना सावधपणा शिकवला, हुंडा आणि मुलांचे शोषण हे न बोलले जाणारे विषय जेवणाच्या ताटापर्यंत आणले, हे मान्य केले पाहिजे. न्यायालयेही जागी आहेत. एप्रिल २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने श्रद्धाच्या प्रकरणातील आरोपपत्राचा मजकूर वृत्तवाहिन्यांनी दाखवू नये असा आदेश दिला. पण आपण काय पाहावे आणि पाहताना कोणासाठी हळहळावे, याचा आदेश कोणतेही न्यायालय देऊ शकत नाही. ते ज्याचे त्याने ठरवायचे असते.

मावशींच्या प्रश्नाचे उत्तर पुढे हळूहळू कळत गेले. जून २०२४ मध्ये शीना बोराच्या अस्थी सापडत नसल्याचे सरकार पक्षाने न्यायालयात सांगितले; पुढच्या महिन्यात त्या तपास यंत्रणेच्या दिल्ली कार्यालयातच असल्याचे निष्पन्न झाले. श्रद्धाच्या अस्थी पुरावा म्हणून अडकून राहिल्या. अंत्यविधीसाठी त्या मिळाव्यात म्हणून वडील वाट पाहत होते. ९ फेब्रुवारी २०२५ रोजी वसईत त्यांचे निधन झाले, मुलीला निरोप न देताच. मृतांना मूठमाती देणे हे आपल्या धर्मात दयेच्या कृत्यांपैकी एक मानले आहे. रात्र रात्र त्यांची कथा पाहणाऱ्या आपल्याला या गोष्टीची वार्ताही नसावी?

त्या घरी पुन्हा गेलो तेव्हा मावशींना सांगितले, “नाही मिळाली.” त्यांनी क्रुसाची खूण केली. मग विचारले, “ॲनाच ना तिचं नाव?” आम्ही तिचे खरे नाव सांगितले. त्यांनी ते दोनदा उच्चारून पाहिले, विसरू नये म्हणून.