गीतरामायणातली सीता कुणाच्या आवाजात?

रामनवमीच्या सुमारास आमच्या मंडळात गीतरामायण होते. एक गायक, बारा-तेरा गाणी, अधूनमधून निवेदन. यंदा घरी परतताना वाटत राहिले, की मुळात हे असे ऐकायचे नव्हतेच.

१ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून पहिले गीत प्रसारित झाले. केंद्र तेव्हा जेमतेम दीड वर्षाचे. कल्पना सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचे. आठवड्याला एक अशी ५२ गीते ठरली होती; अधिकमास आला आणि ती ५६ झाली. पुढे काय होणार हे घरातल्या पोरांनाही ठाऊक, तरी कैकेयीनंतर आठवडाभर थांबणे आलेच.

कुश-लवांची सुरुवातीची गीते सोडली, तर बहुतेक गीते पात्रांच्याच तोंडी आहेत. रेडिओवर चेहरा दिसत नाही. म्हणून कितीतरी गाण्यांच्या पहिल्याच ओळीत हाक येते: कधी दशरथाला, कधी लक्ष्मणाला, कधी सुमंताला. कोण कुणाशी बोलतेय हे स्वयंपाकघरात चहा गाळणाऱ्या बाईला लगेच कळायला हवे ना! उरलेले काम आवाजांचे. कौसल्येसाठी ललिता फडके, सीतेसाठी माणिक वर्मा, आणि वनात सोडलेल्या सीतेसाठी लता मंगेशकर. राम स्वतः फडके.

पुढे मंचावर आणि ध्वनिमुद्रिकांवर फडक्यांनी सगळीच गीते एकट्याने गायली. मी त्यांवरच वाढले. त्यांच्याइतके स्वच्छ शब्द मराठी गाण्यात क्वचितच ऐकू येतात, आणि एकाच गळ्यामुळे सगळ्याला कीर्तनाची सलगता येते, हेही खरे. पण कीर्तनकार सीतेची गोष्ट सांगतो. सीता बोलत नाही. त्यागानंतरच्या गीतात हे फार खटकते. तिथे सीता लक्ष्मणाला जे विचारते, तो रामावरचा आरोप आहे. रामाचाच आवाज तो गाऊ लागला, की आरोपाची नुसती करुणा होते. डोळे पाणावतात, प्रश्न मात्र विरून जातो. रेडिओवर तो एका बाईच्या आवाजात, उत्तराविना, आठवडाभर घराघरांत राहिला असेल.

पुढच्या वर्षी निदान ते एक गीत आमच्यातल्या कुणा बाईने गावे, असे मी समितीला सुचवले. तालमीला वेळ मिळणार नाही, असे उत्तर आले.